गोळी खाऊन बॉल टाकणारा मुलगा

पत्र असं आहे (थोडं कापलंय, घरातली भांडणं तुमच्यापाशीच राहू देत):

"नमस्कार दादा, आम्ही मूळचे सांगलीचे, गेली अठरा वर्षं न्यू जर्सीत. मुलगा सतरा पूर्ण, हायस्कूलचं शेवटचं वर्ष चालू आहे. बेसबॉल खेळतो, डावखुरा पिचर आहे, म्हणजे बॉल टाकणारा, ताशी नव्वद-एक्क्याण्णव मैलाने टाकतो. एका कॉलेजशी बोलणं पक्कं झालंय, स्कॉलरशिप अर्धीमुर्धी आहे. पण मागच्या उन्हाळ्यापासून मॅचला रडार गन घेऊन माणसं येऊन बसतात, कार्डं देतात, आणि आता हा म्हणतो की जुलैच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम नवी पोरं निवडतात त्यात, नाव आलं तर सरळ सही करणार, कॉलेज गेलं उडत. ह्यांचं म्हणणं, आपल्या सात पिढ्यांत कोणी बॉल टाकून पोट भरलेलं नाही, गपचूप कॉम्प्युटर सायन्स कर. दोघं जेवणाच्या टेबलावर बोलत नाहीत. मला ह्या खेळातलं काही कळत नाही, वर्षभर फक्त गाडी चालवते. खरंच ह्यात करिअर होतं का? अजून एक, त्याचं कोपर मधूनमधून आतल्या बाजूला दुखतं, मॅचच्या आधी दोन गोळ्या घेतो, कोचला सांगू नको म्हणतो. पण तो म्हणतो सगळेच घेतात. काय करू? – एक आई"

ताई, नमस्कार.

तुम्ही एक पानभर करिअरबद्दल लिहिलंत आणि खरी गोष्ट "अजून एक" म्हणून शेवटी टाकलीत. आपल्या बायका डॉक्टरकडे पण असंच करतात, अर्धा तास सर्दीबद्दल बोलतात आणि दार उघडून निघताना सांगतात की छातीत पण जरा कळ येते. तर मी शेवटापासून सुरू करतो.

आधी ते कोपर. आतल्या बाजूला, म्हणजे तळहात समोर केला की शरीराकडच्या बाजूला जे दुखतं, तिथेच ते लिगामेंट असतं ज्याच्यावर पिचरचं सगळं दुकान चालतं. दंडाचं हाड आणि पुढच्या हाताचं हाड त्याने बांधलेलं असतं. पिचर हात मागे नेऊन पुढे फेकतो तेव्हा क्षणभर कोपर बाहेरच्या बाजूला उघडायला बघतं आणि ते एवढंसं लिगामेंट त्याला धरून ठेवतं, प्रत्येक बॉलला, पूर्ण ताकदीने. तुमचे मिस्टर क्रिकेट बघत असतील तर त्यांना असं सांगा की आपला फास्ट बॉलर पळत येतो, अंगाचा वेग वापरतो आणि नियमाप्रमाणे हात सरळ ठेवून बॉल सोडतो, हा गडी मात्र दहा इंच उंचीच्या मातीच्या ढिगावर जागच्या जागी उभा राहतो आणि साठ फूट सहा इंचावर बॉल पोचवायला कोपर वाकवून चाबकासारखा झटका देतो. हे सतरा वर्षांच्या हाताने, बारा महिने.

म्हणून पहिलं काम, ह्याच आठवड्यात स्पोर्ट्सवाल्या ऑर्थोपेडिककडे न्या, शक्यतो खांदा-कोपर बघणारा, पोरांचे थ्रो करणारे हात रोज बघणारा. एमआरआय लागतो की नाही ते तो ठरवेल. तोवर बॉल टाकणं बंद. शाळेची महत्त्वाची मॅच असली तरी बंद. मी डॉक्टर नाही, त्यामुळे काय झालंय ते मी सांगणार नाही, नुसती सूज असेल, स्नायू ताणला असेल, काहीही असू शकतं. पण गोळी खाऊन टाकणं म्हणजे गाडीतला ऑइलचा लाल दिवा त्रास देतो म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी लावणं आहे.

आणि "सगळेच घेतात" ह्याचं उत्तर माझ्याकडे आहे. अलाबामात बर्मिंगहॅमला अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट म्हणून संस्था आहे, पिचरच्या हातांचा अभ्यास हाच त्यांचा धंदा. २००६ साली त्यांनी खांद्या-कोपराचं ऑपरेशन झालेली वयात येणारी पोरं आणि काही न झालेली पोरं अशी तुलना करून छापली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांत ऑपरेशनची शक्यता पाचपट. हात थकलेला असताना नेहमी टाकणाऱ्यांत छत्तीसपट, हो, छत्तीस. आणि ज्यांचं ऑपरेशन झालं ती पोरं सूज उतरवायच्या गोळ्या आणि बर्फ जास्त वापरत होती, दुखू नये म्हणून आधीच. जास्त शोकेसना, म्हणजे निवडणाऱ्यांसमोर खेळून दाखवायच्या मेळाव्यांना, पण तीच जात होती. तेव्हा सगळे घेत असतील, पण त्या सगळ्यांतले बरेच कुठे पोचले तेही त्याला वाचून दाखवा.

मला हे एवढं का लागतं ते सांगतो. सोलापुरात कॉलेजच्या टीममध्ये मी फास्ट बॉलर होतो, म्हणजे आम्ही म्हणायचो फास्ट. एका सीझनला उजवा खांदा दुखायला लागला, आईकडून रात्री मलम चोळून घ्यायचो आणि सकाळी सरांना म्हणायचो एकदम ओके. सर पण विचारायचे नाहीत, कारण दुसरा बॉलर नव्हता. तीन महिन्यांत खेळ संपला. आज विमानात बॅग वर ठेवायला मला शेजारच्या माणसाला सांगावं लागतं, आणि दर वेळी तो आधी माझ्या बायकोकडे बघतो. करिअर वगैरे काही होणार नव्हतं माझं, ते सोडा. पण दुखतंय हे तोंडाने म्हणायला जमलं नाही ते अजून खुपतं.

पुढे नोकरीने शिकागोला आणलं आणि क्रिकेट नाही तर हे तरी बघू म्हणून शिकागो कब्ज ह्या इथल्या बेसबॉल टीमच्या नादी लागलो. २००३ चा उन्हाळा, मार्क प्रायर नावाचा बावीस वर्षांचा पोरगा टाकायचा. त्या वर्षी अठरा जिंकल्या, सहा हरल्या. तो माउंडवर, म्हणजे त्या मातीच्या ढिगावर, आला की रिग्ली ह्या कब्जच्या स्टेडियममध्ये आवाजच बदलायचा, आमच्या रांगेतला पॉपकॉर्नवाला पण थांबून बघायचा. त्याची ॲक्शन इतकी सुबक की लोक म्हणायचे हा कधी जायबंदी होणारच नाही. त्याच वर्षी बेस धावताना एकाशी टक्कर झाली, २००५ मध्ये बॅटवरून सुटलेला बॉल थेट कोपरावर बसला, मग खांदा, मग ऑपरेशनं. २००६ च्या ऑगस्टमध्ये मेजर लीगमधली, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधली, शेवटची मॅच खेळला तेव्हा वय पंचवीस. त्यानंतर बरीच वर्षं परत यायची धडपड केली पण नाही जमलं, पुढे डॉजर्स टीमचा पिचिंग कोच झाला आणि चांगला झाला. तर "ह्यात करिअर होतं का" ह्या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे, की देवाने दिलेला हात असून सुद्धा पंचविसाव्या वर्षी संपू शकतं.

उरलेलं अर्धं जेमी मॉयर. तुमच्या मुलासारखाच डावखुरा. वेग यथातथाच, शेवटी शेवटी तर ऐंशी मैलाच्या आसपास, म्हणजे तुमचा मुलगा आत्ताच त्याच्यापेक्षा जोरात टाकतो. १९९२ साली वय एकोणतीस, तोवर तीन टीमनी सोडलेलं, आणि कब्जनी (आमच्याच हुशार लोकांनी) त्याला सांगितलं की खेळणं पुरे, कोच हो. तो नाही म्हणाला, मायनरमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, जाऊन टाकत बसला. २००८ मध्ये फिलीज टीमबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, जिंकला आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये एकोणपन्नासाव्या वर्षी मॅच जिंकून मेजर लीगमधला सगळ्यात वयस्कर विजयी पिचर ठरला. एकूण २६९ विजय. हे मी तुमच्या मुलाला स्वप्न दाखवायला सांगत नाहीये, मॉयर हजारात एक. पण रडार गनच्या आकड्याच्या मागे पळून जी पोरं गॅरेजमध्ये व्हिडिओ बघून जड बॉल भिंतीवर आपटतात त्यांना मॉयर कोण ते माहीतच नसतं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये मेजर लीगने स्वतःच पिचरच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला, त्यातही बोट कशावर ठेवलंय तर वेगाच्या हव्यासावर आणि प्रत्येक बॉल जीव खाऊन टाकण्यावर.

काही पालक मला अजून एक गंमत ऐकवतात, की ऑपरेशन झालं की हात उलट जास्त फास्ट होतो. कृपा करून हे घरात शिरू देऊ नका. टॉमी जॉन हा डॉजर्सचा पिचर, १९७४ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली टेंडन काढून डाव्या कोपरात बसवली, परत खेळायची शक्यता शंभरात एक असं सांगून. तो १९७६ ला परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला, त्याच्या २८८ विजयांतले १६४ ऑपरेशननंतरचे. म्हणून त्या ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं. आता शक्यता खूप चांगली आहे, मान्य. पण परत यायला एक ते दीड वर्ष जातं, आधी कोपर सरळ करायला शिकायचं, मग टॉवेल घेऊन हात फिरवायचा, मग काही फुटांवरून हळूच बॉल टाकायचा. सतराव्या वर्षी दीड वर्ष म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आणि जे परत आलेच नाहीत त्यांची नावं कोणी सांगत नाही.

बरं, आता ड्राफ्ट. मिस्टरांना आकडे आवडत असणार, तर आकडेच देतो. ड्राफ्ट आता वीस फेऱ्यांचा, टीम तीस, म्हणजे वर्षाला सहाशेच्या वर पोरं, त्यांत निम्म्याच्या आसपास पिचर. शिवाय डोमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलातून सोळाव्या वर्षी सही केलेली पोरं वेगळी. वर जागा किती? टीममध्ये सव्वीस, त्यांत पिचर जास्तीत जास्त तेरा, तीस टीमचे मिळून तीनशे नव्वद. आणि त्या दरवर्षी रिकाम्या होत नाहीत.

सही केली की पोरगा टीव्हीवर दिसत नाही. आधी कॉम्प्लेक्स लीग, म्हणजे फ्लोरिडा नाहीतर ॲरिझोनातल्या उन्हात रिकाम्या खुर्च्यांसमोर, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. जिन्याची एकेक पायरी, आणि बरेच जण मधल्याच पायरीवर बसून राहतात. २०२३ मध्ये पहिल्यांदा मायनरच्या खेळाडूंचा युनियनचा करार झाला, त्याआधी तर हाल होते, त्या करारात वर्षाचा किमान पगार खाली १९,८०० डॉलर आणि ट्रिपल-एला ३५,८००. न्यू जर्सीत एवढ्यात काय होतं ते तुम्ही जाणता. उलट वर पोचला तर २०२५ चा किमान पगार ७,६०,००० डॉलर. पण तो मेजर लीगच्या रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, जेवढे दिवस आहात तेवढ्याच दिवसांचा. पगारावर भांडता यायला साधारण तीन वर्षांची सर्व्हिस लागते, मोकळं होऊन हव्या त्या टीमकडे जायला सहा. खरा पैसा तिथे सुरू होतो, आणि तिथवर कोपर टिकायला पाहिजे.

म्हणून हायस्कूलमधून सही करायची की नाही हे सगळं बोनसवर येऊन थांबतं, सहीच्या वेळी एकरकमी मिळतो तो. पहिल्या काही फेऱ्यांतली रक्कम आयुष्य बदलते, शेवटच्या फेऱ्यांतली एक गाडी आणि थोडा टॅक्स. माझं मत स्पष्ट आहे, टॅक्स आणि एजंटचे पैसे जाऊन चार वर्षांच्या कॉलेजच्या खर्चाच्या दुप्पट हातात राहत नसेल तर कॉलेज. दुप्पट का, तर पहिल्या वर्षी पगारात भागणार नाही, त्यातूनच खाल्लं जाणार. तिघांनी बसून हा आकडा आत्ताच कागदावर लिहा, जुलैत फोन वाजायला लागला की कोणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. कॉलेजचा खर्च पुढे टीमने द्यायचा असं करारात लिहून घेता येतं, ते सोडू नका, त्याच्या मुदतीच्या अटी असतात त्या वकिलाकडून वाचून घ्या. आणि आत्ता कार्डं देणाऱ्यांपैकी कोणाच्याही कागदावर, कॉलेजच्या ऑफिसला विचारल्याशिवाय, सही नाही म्हणजे नाही. एलिजिबिलिटी, म्हणजे कॉलेजच्या टीमकडून खेळायचा हक्क, गेली तर दोन्हीकडून गेलात.

कॉलेजला गेला म्हणजे दार बंद, असं त्याला वाटत असेल. कुमार रॉकर ह्या पिचरचं बघा, नाव ऐकलं असेल तुमच्या मुलाने. आईकडून भारतीय, नाव तिथूनच आलं. हायस्कूलनंतर २०१८ ला पार अडतिसाव्या फेरीत नाव आलं कारण तो व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीला जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. गेला, आणि पहिल्याच वर्षी ड्यूकविरुद्ध एकही हिट न देता एकोणीस जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे बॅटला बॉल नीट लागू न देताच बाद केलं. २०२१ ला मेट्सनी दहाव्या नंबरला घेतला, सही व्हायच्या आधी मेडिकल झाली, हाताबद्दल शंका आली आणि त्यांनी ऑफरच दिली नाही. रिकाम्या हाताने परत. छोट्या इंडिपेंडंट लीगमध्ये टाकत राहिला, २०२२ ला टेक्सास रेंजर्सनी तिसऱ्या नंबरला उचलला, २०२३ ला टॉमी जॉन झालंच, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मेजर लीगमध्ये उतरला.

ह्यातली मेडिकलची ओळ मुलाला दोनदा वाचायला लावा. तो दुखणं कोचपासून लपवतोय कारण त्याला वाटतं स्काउटला, म्हणजे त्या रडार गनवाल्या माणसांना, कळलं तर भाव उतरेल. अरे बाबा, पैसे देणारा माणूस सही करण्याआधी कोपराच्या आत बघतो! आर. ए. डिकी नावाच्या पिचरचं तर फोटोवरून पकडलं होतं. १९९६, रेंजर्सनी पहिल्या फेरीत घेतलेला, ८,१०,००० डॉलर ठरलेले. ऑलिम्पिक टीमचा एका मासिकावर फोटो छापून आला, त्यात उभ्या उभ्या त्याचा उजवा हात विचित्र लोंबकळतोय हे टीमच्या माणसाने बघितलं. तपासलं तर कोपरात ते लिगामेंटच नाही, मुळातच नाही. ऑफर आली ७५,००० वर. त्याने ती घेतली, दहाएक वर्षं वरखाली धक्के खाल्ले आणि मग नखांनी पकडून टाकायचा तो न फिरणारा, हवेत डुगडुगणारा नकलबॉल शिकून २०१२ ला साय यंग अवॉर्ड, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, जिंकला, सदतिसाव्या वर्षी. (जाता जाता, हा डिकी त्याच वर्षीच्या जानेवारीत कामाठीपुऱ्यातल्या मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसे जमवायला किलिमांजारो चढला होता, आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या मुलींना घेऊन मुंबईला येऊन गेला. आपल्याकडे किती जणांना माहितीये?)

मिस्टरांबद्दल. त्यांना भीती वाटते आणि ती चुकीची नाही, फक्त ती "सात पिढ्या" असल्या भाषेत बाहेर पडते आणि मग मुलगा दार आपटतो. सात पिढ्यांत कोणी न्यू जर्सीला पण आलं नव्हतं. तुम्ही एक करा, त्यांना एक वही द्या. फ्रिजवर मॅग्नेटने लटकवा. रोज किती बॉल टाकले ते त्यांनी लिहायचं, शाळेचे, ट्रॅव्हल टीमचे, प्रायव्हेट कोचकडचे, सगळे एकाच वहीत. तुमच्या लक्षात आलंय का, तिन्ही कोच आपापले बॉल मोजतात आणि बेरीज कोणीच करत नाही. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलनी मिळून पिच स्मार्ट म्हणून तक्ते काढलेत, सतरा-अठरा वयाला एका दिवसात जास्तीत जास्त १०५, आणि ऐंशीच्या वर गेला तर चार दिवस पूर्ण आराम. वर्षात किमान चार महिने पिचिंग बंद. शाळेच्या टीममध्ये एका दिवशी पिचर आणि कॅचर दोन्ही करत असेल तर तेही थांबवा. इंजिनियर माणूस आहे, आठवड्याभरात एक्सेल करेल आणि कोचशी भांडायला स्वतःच जाईल. जेवणाच्या टेबलावर बोलायला विषय मिळेल तो वेगळाच.

आणि मुलाला गोळ्यांवरून ओरडू नका. त्याने तुम्हाला सांगितलंय, लपवलं असतं तर तुम्हाला पत्ता लागला नसता. गाडीत सांगा, समोरासमोर नको, ह्या वयाची पोरं शेजारच्या सीटवर बसून जास्त ऐकतात. असं म्हणा की कोचला मी काही सांगणार नाही, तूच सांगायचंस, पण डॉक्टरकडून आल्यावर. कोच म्हणाला की थोडं सहन कर, तर मग मात्र मी बोलणार. कॉलेजच्या कोचलाही त्यानेच फोन करायचा. त्यांना हा मुलगा ह्या मे महिन्यासाठी नको आहे, पुढची तीन-चार वर्षं हवा आहे, त्यामुळे तिकडून बहुतेक तो समजतोय त्याच्या उलट उत्तर येईल. नाहीच आलं, तर ते कॉलेज कसं आहे हे तुम्हाला फी भरायच्या आधी कळलं.

डॉक्टरकडे जाताना लिहून न्या, कधीपासून दुखतं, कितव्या बॉलनंतर, करंगळीला मुंग्या येतात का, सकाळी कोपर पूर्ण सरळ होतं का, आणि गोळी कुठली, किती, आठवड्यातून किती वेळा. हे शेवटचं तो कमी करून सांगेल, तेव्हा बाटली सोबत न्या. रिपोर्ट आला की मला कळवा, ड्राफ्टचं आपण मग बोलू, जुलैला अजून वेळ आहे.